न्यायालयातील मध्यस्थी सेवा : वाटपाच्या दाव्यातील एका बहिणीचा अभिप्राय

सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात चालणाऱ्या मध्यस्थी केंद्राची सेवा मी 2024 मध्ये घेतली. दुकान, हॉटेल, दवाखाना यांच्याविषयी लोक आपले अनुभव आवर्जून लिहितात; परंतु ज्या सेवेवर जमीन, नाते आणि रात्रीची झोप अवलंबून असते तिच्याविषयी लिहिलेले फारसे सापडत नाही. त्यामुळे 'तुमचे प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले आहे' असे न्यायालयात सांगितले गेले की पक्षकार धसकतो, आपला दावा कमकुवत ठरला अशी त्याची समजूत होते. माझीही तशीच समजूत झाली होती. दुसरी बाजू माझ्या सख्ख्या भावाची असल्यामुळे तालुक्याचे आणि गावाचे नाव मी येथे देत नाही.

मी सातारा शहरात शाहूपुरीत राहते. निवृत्तीपूर्वी सत्तावीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. ही माहिती देण्याचे कारण एवढेच, की या सेवेचे मोल मला ज्या पद्धतीने उमगले त्यात माझ्या विषयाचा वाटा मोठा आहे आणि तो वगळून हा अभिप्राय लिहिणे मला जमणार नाही.

प्रकरण असे. माझे वडील 2021 मध्ये वारले. आई त्याआधीच गेली होती. वारस आम्ही दोघेच, दादा आणि मी. कालव्याखालची साडेचार एकर जमीन, गावातले घर आणि एक विहीर एवढी मालमत्ता होती. वर्षभराने मी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा उघडला, तेव्हा वडिलांच्या जागी एकट्या दादांचे नाव लागलेले दिसले. फेरफाराची नक्कल काढली, तर वारसांच्या प्रतिज्ञापत्रात माझा उल्लेखच नव्हता. जमीन हातची जाईल ही चिंता मला नंतर वाटली. त्या दिवशी मनात रुतले ते एवढेच, की माझ्या वडिलांना मुलगी नव्हती असे माझ्याच भावाने शपथेवर लिहून दिले होते.

गावात या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. माझे लग्न 1991 चे. 'तुला कायद्यानेच काही नाही' हे वाक्य मी भावकीतल्या किमान दहा जणांकडून ऐकले. प्रत्यक्षात 9 सप्टेंबर 2005 पासून अमलात आलेल्या याच कायद्याच्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची ही अट उरली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच असतो, हे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे माझा निम्मा वाटा होता. तो मागायला गेले, तेव्हा दादांनी तीन लाख रुपये घेऊन हक्कसोडपत्रावर सही करण्याचा निरोप धाडला.

मी ते पैसे नाकारले आणि वकिलांमार्फत वाटपाचा दावा लावला. नाकारताना माझ्या मनात जमिनीच्या भावाचा हिशेब नव्हता. व्हर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये जर्मनीत केलेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. एका व्यक्तीला ठरावीक रक्कम देतात आणि तिने ती दुसऱ्याशी वाटून घ्यायची असते; दुसऱ्याने देऊ केलेला वाटा नाकारला तर दोघांनाही काहीच मिळत नाही. निव्वळ फायदा पाहणाऱ्याने एक रुपयासुद्धा घ्यायला हवा. पण पुढे अनेक ठिकाणी हा प्रयोग झाला तेव्हा पाचव्या हिश्शाहून कमी वाटा देऊ केल्यास पुष्कळ माणसे तो फेटाळतात, हातचे पैसे घालवून समोरच्याचेही घालवतात, असे दिसून आले. अपमान गिळण्यापेक्षा नुकसान सोसणे माणसाला सोपे वाटते. मुले या ठिकाणी नेहमी म्हणत, 'मॅडम, घ्यायला काय हरकत होती?' त्या मुलांना मी जे उत्तर देत असे त्याचा अर्थ मला त्या तीन लाखांनी समजावून दिला.

यानंतर मी जे केले ते लिहिणे अवघड आहे, परंतु ते वगळले तर मध्यस्थीने काय साधले हे कळणार नाही. आपल्याकडे सूडासाठी शब्दांची वाण नाही : डूख धरणे, उट्टे काढणे, वचपा काढणे. पण सर्वांत खोलवरचा शब्द 'जिरवणे' हाच आहे. पाणी जमिनीत जिरवतात तशी माणसाची रग जिरवायची असते, म्हणजे ती वर दिसेनाशी व्हायला हवी. मला दादांची जिरवायची होती. 2023 च्या एप्रिलमध्ये, आल्याच्या लागणीच्या तोंडावर, त्यांनी पीककर्ज मागितले आहे असे कळताच मी वाटपाचा दावा चालू असल्याचे कारण देऊन कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीकडे लेखी हरकत दिली. कर्ज अडकले. बेणे वेळेवर आले नाही, आणि त्या वर्षी दादांनी आल्याऐवजी सोयाबीन केले. कायद्याच्या दृष्टीने माझ्या अर्जात काही गैर नव्हते. परंतु तो देण्यामागे हक्काचे रक्षण हा हेतू नव्हता, हे मला तो लिहीत असतानाच माहीत होते.

त्या संध्याकाळी मला खरोखर आनंद झाला. झुरिक विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पैशाच्या खेळात विश्वासघात करणाऱ्याला शिक्षा करण्याची संधी मिळालेल्या माणसांच्या मेंदूची चित्रे घेतली होती. सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग त्या वेळी अधिक क्रियाशील झालेला आढळला. सूड गोड असतो हे म्हणणे खोटे नाही. पण 2008 मध्ये केविन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी या गोडीचे पुढे काय होते ते तपासले. शिक्षा केल्यावर आपल्याला बरे वाटेल असे सहभागींना वाटत होते. ज्यांना शिक्षा करायला मिळाली त्यांना मात्र, तशी संधीच न मिळालेल्यांपेक्षा, अधिक वाईट वाटत राहिले, कारण ते त्या अपराधी माणसाचा विचार करणे थांबवू शकले नाहीत. माझे नेमके हेच झाले. हरकतीपूर्वी मला दादांची आठवण दिवसातून चार वेळा येत असेल. हरकतीनंतर ती सकाळी चहाच्या पहिल्या घोटापासून सुरू होऊ लागली. कर्ज अडकल्यामुळे भाचीच्या फीचे काय झाले असेल, दादा आता कोणती चाल करतील, माझ्या नावावर गावात काय बोलले जात असेल, हेच विचार. मी त्यांची जिरवली होती, पण त्यामुळे माझ्या मनातला त्यांचा मुक्काम वाढला.

भावकीनेही मध्ये पडण्याचा प्रयत्न केला. मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि दोन तासांत माझ्या वाट्याला एकच वाक्य आले : 'ताई, माहेर तोडू नकोस.' शिवकाळात वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि आपसांत बसून मिटवण्याची आपली परंपरा जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्याविषयी मला आदरही आहे. परंतु भावकीच्या बैठकीत 'मिटवून घ्या' याचा अर्थ, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गप्प बसावे, असा होतो, कारण बैठकीला बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक ना एक हक्कसोडपत्र असते. उलट, आम्हा सातारकरांच्या डोळ्यांसमोर न्यायाची जी मूर्ती आहे ती जवळच्याच माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांची, नारायणरावांच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा उपाय नाही असे राघोबादादांना तोंडावर सांगणारी. या दोन टोकांमध्ये, म्हणजे गप्प बसणे आणि शासन होणे यांच्यामध्ये, न्यायाचे तिसरे काही रूप असू शकते अशी माझी कल्पनाच नव्हती. म्हणून न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले, तेव्हा मला ती देवळातली बैठकच पुन्हा समोर दिसली.

ती तशी नव्हती, आणि फरक पहिल्या पंधरा मिनिटांतच कळला. आमच्यासाठी नेमलेल्या मध्यस्थ या ज्येष्ठ वकील होत्या आणि मध्यस्थीचे चाळीस तासांचे प्रशिक्षण त्यांनी घेतलेले होते. त्यांनी आरंभीच चार गोष्टी सांगितल्या : त्या निकाल देणार नाहीत, येथे बोललेले न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येणार नाही, कोणीही केव्हाही उठून जाऊ शकेल आणि त्यामुळे दाव्यावर परिणाम होणार नाही, आणि बोलताना कोणी कोणाला तोडायचे नाही. त्यांनी मला आणि दादांना समान अंतरावर बसवले, दोघांनाही 'तुम्ही' म्हटले आणि आधी मला बोलायला सांगितले. मी चाळीस मिनिटे बोलले. वडील गेल्यापासून दादांनी माझे सलग चाळीस मिनिटे ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुसरी बैठक स्वतंत्र होती, म्हणजे मध्यस्थ प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात. माझ्या मते या सेवेचा गाभा तोच आहे. मध्यस्थ मॅडमनी मला विचारले, 'ताई, उद्या न्यायालयाने तुमचा निम्मा वाटा दिला तर तुमचे समाधान होईल का?' मी हो म्हणाले. त्यांनी पुढे विचारले, 'आणि तो मिळाला, पण भाऊ अखेरपर्यंत म्हणत राहिले की त्यांनी काही चुकीचे केले नाही, तर?' मला उत्तर देता आले नाही. बराच वेळ गेल्यावर मी म्हणाले, की त्यांनी मला वगळले हे त्यांनी माझ्यासमोर, तिसऱ्या माणसाच्या साक्षीने, एकदा मान्य करावे.

मारिओ गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे याच प्रश्नावर काम केले आहे. सूड घेणाऱ्याला समाधान कशाने मिळते, समोरच्याला त्रास झाल्याने की त्याला तो त्रास का झाला हे कळल्याने, असा तो प्रश्न. त्यांनी सहकाऱ्यांसह 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षा भोगणाऱ्याने 'माझी चूक होती, म्हणून हे झाले' असे कळवले तेव्हाच शिक्षा करणाऱ्यांना समाधान लाभले. समोरचा उलट चिडला तेव्हा ते लाभले नाही. सोसायटीतली माझी हरकत का फसली याचे उत्तर यात आहे. दादांच्या दृष्टीने ती शिक्षा नव्हतीच, तो बहिणीने केलेला नवा अन्याय होता. मी धाडलेला निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचले ते केवळ नुकसान, आणि त्या नुकसानीचा हिशेब त्यांनी माझ्या खात्यावर लिहून ठेवला होता. सूडाचे चक्र का थांबत नाही ते मला त्या खोलीत बसून दिसले : प्रत्येक जण आपला घाव दुसरा धरतो आणि समोरच्याचा पहिला.

तिसऱ्या बैठकीत आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो. दादा काय बोलले ते गोपनीय आहे आणि मी ते येथे लिहिणार नाही. ती तीन-चार वाक्ये होती, आणि ती बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, एवढेच सांगते. मी काय बोलले ते सांगण्याचा मला अधिकार आहे : आल्याच्या वर्षी मी जी हरकत दिली ती त्यांना त्रास व्हावा म्हणूनच दिली होती, हे मी कबूल केले. दावा लावताना माझ्याकडून अशी काही कबुली द्यावी लागेल असे मला कोणी सांगितले असते, तर मी तो माणूस वेडा ठरवला असता.

अखेर जे ठरले त्यात मी दीड एकर घेतले, सव्वादोन नव्हे. बहिणींनी वाटा सोडावा ही अपेक्षा आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे, की कोणत्याही तडजोडीकडे या बाबतीत संशयाने पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मध्यस्थांनी काय केले ते नोंदवते. माझा कायदेशीर हक्क निम्म्याचा आहे आणि दावा चालवला तर तो मिळण्याची शक्यता चांगली आहे, हे त्यांनी मला एकटीला बसवून तीन वेळा सांगितले. कमी घेण्याचे कारण मी माझ्या शब्दांत सांगावे असा आग्रह धरला. आणि सही करण्यापूर्वी आठ दिवसांचा अवधी दिला. कारण माझ्याकडे होते. आई-वडिलांची शेवटची नऊ वर्षे दादा आणि वहिनींनी काढली, वडिलांच्या आजारपणात त्यांचे कर्ज झाले, आणि त्याचा हिशेब त्या खोलीत कागदावर मांडला गेला. तीन लाख नाकारणारी मी पाऊण एकर सोडायला तयार झाले, कारण पहिल्या वेळी माझी किंमत ठरवली गेली होती आणि दुसऱ्या वेळी मला विचारले गेले होते. माणसे निकालाइतकेच निकालाच्या वाटेकडे पाहतात, आपले म्हणणे ऐकले गेले का आणि आपल्याला मानाने वागवले का यावरून न्याय झाला की नाही ते ठरवतात, असे टॉम टायलर यांच्यासारखे अभ्यासक गेली कित्येक वर्षे मांडत आले आहेत. मी ते वर्गात फळ्यावर लिहिले होते. त्यातला 'मान' हा शब्द किती वजनाचा आहे ते मला दीड एकर घेताना कळले.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव खोलीची. केंद्राची खोली म्हणजे मोठ्या दालनात लाकडी पार्टिशन घालून केलेला कप्पा होता, आणि स्वतंत्र बैठकीच्या वेळी दादा ज्या बाकावर बसले होते तेथे माझा आवाज पोहोचत असावा, ही शंका मला पूर्ण वेळ छळत राहिली. गोपनीयता हाच ज्या सेवेचा पाया आहे तिला चार पक्क्या भिंती आणि एक दार मिळायला हवे. पिण्याचे पाणीही बाहेर जाऊन आणावे लागे. दुसरी गोष्ट, चार बैठकांना साडेचार महिने लागले. त्यांतल्या दोन तारखा वकिलांच्या गैरहजेरीमुळे वाया गेल्या. तिसरी, मध्यस्थी म्हणजे काय हे समजावणारा साधा मराठी कागद हाती पडला नाही. पहिल्या बैठकीला मॅडमनी जे सांगितले ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतानाच छापून दिले असते, तर माझे आधीचे तीन आठवडे धास्तीत गेले नसते. चौथी उणीव मसुद्याची, तिच्याकडे शेवटी येते.

खर्चाविषयी. मध्यस्थीसाठी मला वेगळे शुल्क पडले नाही. ज्या भगिनींना वकील परवडत नाही त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे, की विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो आणि 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, मृत्यूचा दाखला आणि आजारपणाची बिले सोबत ठेवावीत. आमच्या बैठकीत सर्वांत उपयोगी ठरली ती रुग्णालयाची बिलेच. तडजोडीवर हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचे सरसनिरस वाटप, म्हणजे चांगल्या-वाईट जमिनीचा मेळ घालून प्रत्यक्ष हद्दी पाडणे, महसूल खात्यामार्फत होते, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव लागायला आणि मोजणीच्या खुणा पडायला आणखी काही महिने धरून चालावे.

ही सेवा सर्वांसाठी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जेथे मारहाण झाली आहे, जेथे एका बाजूला दुसऱ्याची दहशत आहे आणि घरी परतल्यावर त्या खोलीतल्या प्रत्येक शब्दाची किंमत मोजावी लागणार आहे, तेथे समान अंतरावर मांडलेल्या खुर्च्यांचा उपयोग होत नाही. तेथे न्यायाधीशाचा निकालच हवा. ज्याला समोरच्याकडून कबुली नकोच आहे, केवळ रक्कम किंवा जमीन हवी आहे, त्याने लोकअदालतीत जावे. तेथे काम एका दिवसात होते आणि त्या निवाड्यावर अपीलही नसते. पण ज्याला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या 'त्याने असे का केले' हा प्रश्न पडतो, त्याने एकदा मध्यस्थांसमोर बसून पाहावे.

दादांचे आणि माझे नाते पूर्ववत झालेले नाही. गेल्या दिवाळीत मी गावी गेले नाही आणि त्यांनीही बोलावले नाही. मात्र मोजणीच्या दिवशी ते आले, खुणांचे दगड पुरताना दोरी धरून उभे राहिले, आणि माझ्या दीड एकरातली आंब्याची दोन झाडे कोणी लावली यावर आम्ही थोडे बोललो. सकाळच्या चहाबरोबर आता मला दुसऱ्या गोष्टी आठवतात.

मसुद्याची उणीव राहिली ती विहिरीची. शेवटच्या बैठकीत घाई झाली आणि 'विहीर सामाईक राहील' एवढेच लिहिले गेले. पाण्याची पाळी, मोटारीचे वीजबिल आणि गाळ काढण्याचा खर्च यांविषयी एक ओळही नाही. यंदा मार्चमध्ये पाणी खाली गेल्याबरोबर पाळीवरून पहिली कुरबूर झाली. माझ्या वकिलांनी नोटीस पाठवण्याचे सुचवले. मी तालुका विधी सेवा समितीकडे, दावा न लावता, दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज दिला आणि मध्यस्थ म्हणून त्याच मॅडम मिळाव्यात अशी विनंती केली. त्या अर्जावर दादांनीही सही केली आहे.